पोरांना कोण विचारतं?

२०१४ च्या जूनमध्ये, इकडे सोलापूर जिल्ह्यातल्या वैराग भागात पेरणीच्या तोंडावर सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असताना, तिकडे जिनिव्हात भारत सरकारची तोंडी परीक्षा चालू होती. परीक्षक होते संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क समितीचे तज्ज्ञ. समितीत वेगवेगळ्या देशांतले १८ जण असतात. विषय एकच: भारतातल्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं कसं चाललं आहे? अशा परीक्षेत कुठलंही सरकार जे सांगतं ते ठरलेलं असतं. इतके कायदे केले, इतक्या योजना काढल्या, इतका निधी ठेवला. समिती ऐकून घेते, उलटे प्रश्न विचारते, शेरे लिहिते आणि पुढची तारीख देते. भारताला मिळालेली पुढची तारीख होती जुलै २०२०.

या परीक्षेच्या मुळाशी आहे बालहक्क संहिता. राष्ट्रसंघाच्या आमसभेने ती २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर केली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. स्वीकारताना बालमजुरीच्या ३२व्या कलमापुढे एक पुस्तीही जोडली, की हे आम्हाला एकदम जमणार नाही, टप्प्याटप्प्याने करू. संहितेची कलमं ५४. त्यातली दोन या प्रकरणापुरती लक्षात ठेवायची. ४४वं कलम म्हणतं, दर पाच वर्षांनी सरकारने आपल्या कामाचा हिशेब द्यावा. आणि त्याच कलमाचा शेवटचा, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा भाग म्हणतो, की हा हिशेब आपल्या देशातल्या लोकांपर्यंत नीट पोचवावा. १२वं कलम म्हणतं, मूल स्वतःचं मत बनवू शकत असेल तर त्याच्या आयुष्याशी संबंधित प्रत्येक गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकावं आणि त्याच्या वयाच्या मानाने त्याला वजन द्यावं.

दोन्ही कलमं एकत्र वाचली तर अर्थ सरळ निघतो. सरकारने मुलांसाठी काय केलं हे लोकांना कळलं पाहिजे, त्यावर लोकांना बोलता आलं पाहिजे आणि त्या लोकांमध्ये मुलंही धरली पाहिजेत. आता ही अपेक्षा जिनिव्हातून उचलून बार्शी तालुक्यात आणू.

वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. स्वतःचं पोलीस ठाणं, संतनाथांचं देऊळ आणि तालुका व्हावा ही जुनी मागणी. आसपासच्या सासुरे, रातंजन, हिंगणी अशा गावांचा व्यवहार इथे येतो. अशा गावात मुलांच्या हक्कांची प्रगती मोजायची तर सुरुवात कुठून करायची? माझ्या मते लग्नापासून. कारण सोलापूर जिल्ह्याला नावं ठेवायला लावणारा आकडा तिथेच आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना लग्नाच्या वेळचं वय विचारलं जातं. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के निघालं आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के. सोलापूर जिल्ह्यात मात्र ते ४० टक्क्यांच्या आसपास होतं. ऊस, द्राक्षं, डाळिंबं, साखर कारखाने, वारी, सगळं असलेला जिल्हा या एका बाबतीत परभणी, बीड, धुळे यांच्या रांगेत बसला. राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट.

हा आकडा वाचताना एक खाचखळगा सांभाळावा लागतो. सर्वेक्षणात २०२० साली भेटलेली २४ वर्षांची बाई पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहिली असेल, तर ते लग्न २०११ चं. म्हणजे आज जाहीर होणारा आकडा बराचसा काल-परवाच्या गावाचा असतो. सरकार यंदा जे काम करतं त्याचं फळ किंवा अपयश पुढच्या फेरीत दिसतं, तोवर अधिकारी बदललेला असतो, मंत्रीही बदललेला असतो. उत्तर देणारा आणि उत्तर द्यायला लावणारा आकडा यांची भेटच होत नाही.

मग ताजी माहिती कुठे मिळेल? पोलिसांकडे? २०२१ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली साऱ्या देशात नोंदले गेलेले गुन्हे होते १,०५०. एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात! एकीकडे दर चार-पाच मुलींत एक आणि दुसरीकडे एक हजार पन्नास. सरकारी हिशेबात ही दुसरी संख्या दोन्ही बाजूंनी वापरता येते. ती वाढली तर ‘जागृती वाढली’ म्हणायचं, घटली तर ‘बालविवाह घटले’ म्हणायचं. दोन्ही वेळा प्रगतीच.

गुन्हे का नोंदले जात नाहीत हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. लग्नाच्या पत्रिका छापल्या जात नाहीत. साखरपुडा म्हणून बोलावतात आणि त्याच मांडवात अक्षता टाकून मोकळे होतात. कधी शेतातल्या वस्तीवर, कधी दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात. कोणी १०९८ या हेल्पलाइनला फोन केलाच तर पथक येतं, मंडप ओस पडतो, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं आणि ‘बालविवाह रोखला’ अशी बातमी लागते. पुढच्या पंधरवड्यात त्या मुलीचं काय झालं हे बातमीत नसतं. करोनाच्या काळात तर पन्नास माणसांत लग्न उरकायचं सरकारनेच सांगितलं. खर्च वाचला, शाळा बंद होत्या, मुलगी घरात होती. अनेक बापांनी त्या वेळी केलेला हिशेब मला पटत नाही, पण कळतो.

यात कायद्यानेही एक विचित्र गाठ मारून ठेवली आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच. निकाल न्यायाचा होता. पोक्सो कायद्यानुसार अशी घटना कळली तर दवाखान्यानेही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. परिणाम असा, की सोळा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात नेताना घरचे वय एकोणीस सांगतात, किंवा नेतच नाहीत. जिच्यासाठी कायदा कडक झाला ती कागदावरून नाहीशी होते. कागदावर नसलेल्या मुलीला सरकार विचारणार काय आणि मोजणार काय!

म्हणून विचारणं हे मोजण्याआधी येतं. लोक विश्वासाने बोलतील अशी जागा नसेल, तर सरकारच्या सगळ्या वह्या भरलेल्या असूनही खऱ्या नसतात.

मुलांच्या प्रश्नावर जनतेचं मत मागवण्याची परंपरा आपल्याकडे तशी जुनी आहे, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग देशभर साक्षी गोळा करत होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं लेखी निवेदन त्याला सादर केलं. सरकारी तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सुनावलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना बरा पगार द्या, मुलांना शेतीचं आणि आरोग्याचं व्यावहारिक ज्ञान द्या, हेही सुचवलं. सरकारने आपणहून मांडलेल्या चौकशीत जाऊन सरकारचाच हिशेब तपासायचा, हा त्यातला भाग मला फार मोलाचा वाटतो. आयोगाने सक्ती मानली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेलं विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, पण देशभर हा हक्क यायला १ एप्रिल २०१० उजाडलं. सूचना नोंदवल्यापासून अंमल होईपर्यंत १२७ वर्षं लागली.

दुसरी मोठी विचारणा लग्नाच्या वयाची. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर टिपणं प्रसिद्ध केली, सरकारने ती मतांसाठी फिरवली, त्यावर जोतीरावांनीही आपलं मत कळवलं. १८९१ साली संमतिवय, म्हणजे मुलीने शरीरसंबंधाला दिलेली संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचं वय, दहावरून बारा झालं तेव्हा पुण्यात उठलेलं वादळ सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट १९२८ ची. संमतिवयाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आणि सरकारने समिती नेमली. अध्यक्ष होते अमरावतीचे वकील सर मोरोपंत जोशी. समितीत रामेश्वरी नेहरू होत्या. हजारो प्रश्नावल्या छापून देशभर पाठवल्या गेल्या, समितीने प्रांताप्रांतांत फिरून सुमारे ४०० साक्षीदार तपासले. वकील, डॉक्टर, शास्त्री, मौलवी, समाजसुधारक, आणि बऱ्याच बायकासुद्धा. मुलीच्या लग्नासाठी किमान चौदा वर्षं आणि वयासकट लग्नाची नोंद, अशा तिच्या शिफारशी. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा झाला तो या वातावरणात.

कायदा लागू होणार होता १ एप्रिल १९३० पासून. मधले सहा महिने मोकळे होते आणि त्या सहा महिन्यांत देशात कितीतरी ठिकाणी लहान मुलामुलींची लग्नं घाईघाईने लावून टाकण्यात आली. समितीने इतक्या लोकांना विचारलं, पण ज्यांची लग्नं लागायची त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींना साक्षीला कोण बोलावणार? त्या काळात ही कल्पनाही कोणाला सुचली नसती. समितीला दोष देण्यात अर्थ नाही. पण नव्वद वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला.

२०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने मुलींच्या लग्नाचं वय अठरावरून एकवीस करावं का, हे पाहण्यासाठी जया जेटली यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. या वेळी तरुणांची मतं मागवली गेली, विद्यापीठांमार्फत आणि संस्थांमार्फत. शिवाय बऱ्याच स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन पंधरा राज्यांतल्या सुमारे अडीच हजार किशोरवयीनांशी स्वतंत्रपणे बोलून त्यांचं म्हणणं मांडलं. त्या मुलामुलींचं सांगणं थोडक्यात असं होतं, की नुसतं वय वाढवून भागणार नाही. शाळा जवळ आणा, वाट सुरक्षित करा, शिकल्यावर काम मिळेल असं काही करा. वय एकवीस करणारं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. शाळा आणि वाट यांच्या मागणीला विधेयक लागत नव्हतं.

शाळेच्या वाटेचं गणित वैराग भागात कोणत्याही घरी मांडून पाहता येतं. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. गावात शाळा बहुधा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढे वैरागला किंवा बार्शीला जायचं. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे चांगलंच आहे. पण पास मोफत असून गाडी वेळेवर आली पाहिजे. संध्याकाळची फेरी चुकली आणि दोनदा अंधार पडल्यावर मुलगी घरी आली, की तिसऱ्या वेळी घरात स्थळाचा विषय निघतो. मुलींच्या हक्कांच्या सरकारी अहवालात एसटीच्या वेळापत्रकाचं प्रकरण नसतं. मुलींना विचारलं असतं तर ते पहिल्या पानावर आलं असतं असा माझा अंदाज आहे.

विचारण्यासाठी यंत्रणा नाही असं मात्र कोणी म्हणू नये. यंत्रणा हवी तेवढी आहे. दिल्लीत राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग आहे, २००५ च्या कायद्याने आणि २००७ पासून कामाला लागलेला. त्याच वर्षी राज्याचा आयोगही झाला. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती. शाळेत व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. २०२२ पासून सखी सावित्री समिती. आणि गावात ग्राम बाल संरक्षण समिती. राज्याने २०१४ च्या शासन निर्णयाने ती गावोगाव करायला सांगितली. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई, आणि मुलांचे प्रतिनिधी म्हणून गावातला एक मुलगा आणि एक मुलगी. जिनिव्हाचं १२वं कलम सासुऱ्यात किंवा रातंजनला उतरायचं असेल तर ते या दोन पोरांच्या रूपाने.

कागदावर ही रचना मला आवडते. अडचण माणसांची आहे. सदस्य सचिव असलेली सेविका त्याच गावची सून. मानधनावर काम करणारी. तिने ज्या घरातलं लग्न थांबवायचं ते घर तिच्या गल्लीत, कदाचित भावकीत. लग्न थांबलं तर गाव तिच्याशी बोलणं टाकणार, नाही थांबलं तर वरून जाब येणार. सरपंचाला त्या घराची मतं हवी असतात. पोलीस पाटलाला लग्नाचं आवतण आलेलं असतं. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मात्र दर वेळी व्यवस्थित असतं: ‘गावात बालविवाह झालेला नाही, सर्वानुमते नोंद.’

याच सेविकेकडून सरकारला मुलांची बहुतेक माहिती मिळते. वजन, उंची, लसीकरण, गरोदर बायका, शाळेत न जाणारी पोरं. २०२१ साली पोषण ट्रॅकर हे ॲप आलं आणि त्यात माहिती सुरुवातीला इंग्रजीतून भरायची होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. मोबाइल निकृष्ट, ॲप परक्या भाषेत. ‘अंगणवाडीताई संपावर’ एवढंच बातम्यांत आलं. माझ्या मते ती त्या वर्षातली मुलांच्या हक्कांवरची सर्वांत मोठी जाहीर सूचना होती. फक्त ती विहित नमुन्यात नव्हती.

ग्रामसभेचंही तसंच. कायद्याने ती वर्षातून चार वेळा घ्यायची, आणि तिच्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जी संख्या कमी असेल तेवढी माणसं जमली पाहिजेत. जमली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! त्यामुळे अनेक गावांचा कारभार तहकूब सभेतच सुखाने चालतो. आता ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नऊ संकल्पनांपैकी एक ‘बालस्नेही गाव’ अशी आहे. आराखड्याआधी बालसभा घ्यावी अशी सूचना असते. बालसभा होतेही. स्वागतगीत होतं, पाहुण्यांना गुलाब दिला जातो, एक मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणतो, बिस्किटपुडे वाटले जातात. मुलांनी काय सांगितलं हे शोधायला गेलं तर फोटो सापडतो.

वैरागची कहाणी इथे एक वेगळं वळण घेते. वैराग ही मोठी ग्रामपंचायत होती, तिची नगरपंचायत झाली. पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडली.  गाव वाढलं, निधीच्या वाटा वाढल्या, ते व्हायलाच हवं होतं. पण नगरपंचायत झाली त्या दिवशी वैरागमधली ग्रामसभा संपली. नगरपंचायतीच्या सभेत बोलायचा हक्क नगरसेवकांना. निवडून आलेले १७. ग्रामसभा कितीही तहकूब होवो, तिथे म्हातारी आजीसुद्धा उठून ‘माझ्या नातीच्या शाळेला संडास का नाही’ म्हणून विचारू शकत होती, आणि ग्रामसेवकाला ते प्रोसिडिंगमध्ये लिहावं लागत होतं. राज्यघटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना. वैरागसारखी गावं मधल्या मध्ये राहिली. खेडं म्हणून मिळणारी चावडी गेली आणि शहर म्हणून मिळणारी अजून यायची आहे.

बालविवाहाच्या बाबतीतही फरक पडतो. खेड्यात प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे बोट दाखवता येत होतं. गाव नागरी झालं की ती जबाबदारी दुसऱ्या कार्यालयाकडे जाते, आणि ते कार्यालय कुठे आहे हे दहावीतल्या मुलीला माहीत असण्याचं कारण नाही.

काही मुलं तर ग्रामसभेतही नसतात आणि नगरपंचायतीतही. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सोलापूर जिल्ह्यातल्या फडांवर उतरतात. बार्शी तालुक्याची हद्द धाराशिवला लागूनच आहे. टोळीत माणसं मोजतात ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची ती कोयत्याला. एकट्या पोराला उचल कमी, जोडीला जास्त, म्हणून पोराचं लग्न लवकर. आणि मागे गावात तरण्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून पोरीचंही. मुलं बरोबर आली तर कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढं गोळा करतात, मोळ्या सरकवतात. त्यांचं नाव कोणत्याही मजुरीच्या यादीत नसतं, कारण पैसे टनावर मिळतात आणि जोडीच्या नावावर पडतात. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्व कामांतून मनाई आहे, घरच्या उद्योगात शाळेनंतर मदतीला मात्र सूट. मुकादमाची टोळी हा घरचा उद्योग नव्हे. पण यादीत नसलेलं पोर कामावर होतं हे दाखवणार कसं?

या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, एका शाळेतून दुसरीत जाताना दाखवायला शिक्षण हमी कार्ड आलं. काही ठिकाणी त्यांनी खरंच काम केलं. पण मत विचारण्याचा प्रश्न घेतला तर तारखाच पाहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला हे कुटुंब फडात असतं. १ मेला नुकतं परतलेलं, उचल फिटली का याच्या काळजीत. जिथे सहा महिने राहतात तिथे ते रहिवासी नाहीत आणि जिथे रहिवासी आहेत तिथे सहा महिने नाहीत. भारताने संहितेच्या ३२व्या कलमापुढे जोडलेल्या त्या ‘टप्प्याटप्प्याने’ची ही सर्वांत शेवटची पायरी असावी.

मुलांना खरोखर विचारता येतं का, आणि विचारलं तर काही होतं का? यासाठी लांब जायला नको. अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या पलीकडे कर्नाटक आहे. तिथे १९९०च्या दशकात उडुपीकडच्या कुंदापूर भागात काम करणाऱ्या मुलांच्या ‘भीम संघा’ने आणि ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेने मुलांच्या पंचायती चालवून पाहिल्या. मुलांनी स्वतः गावाचे नकाशे काढले, घरं मोजली, कोण शाळेत जात नाही आणि का, हे लिहिलं. मोठ्यांच्या नजरेला न दिसलेल्या गोष्टी त्यातून वर आल्या. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बुडते. मग ओढ्यावर साकव हवा. मोठी माणसं ओढा ओलांडू शकत होती, म्हणून त्यांच्या यादीत तो नव्हता. पुढे २००६ पासून राज्य सरकारनेच वर्षातून एकदा ‘मक्कळ ग्रामसभा’, म्हणजे मुलांची ग्रामसभा, घ्यायचा आदेश काढला. तिथेही सगळीकडे ती चांगली होते असं नाही; बऱ्याच ठिकाणी गुलाब आणि बिस्किटंच. पण जिथे नीट होते तिथे मुलं प्रश्न वाचतात, अधिकारी समोर बसून उत्तर देतात आणि पुढच्या वर्षी सभेची सुरुवात मागच्या वर्षीच्या प्रश्नांचं काय झालं इथून होते.

जिनिव्हाच्या समितीने २००९ साली मुलांचं मत घेण्यावर एक सविस्तर टिपण काढलं. मुलांना आधी माहिती द्या, बोलण्याची जबरदस्ती करू नका, बोलल्यामुळे त्यांना धोका होणार नाही हे पाहा, आणि त्यांच्या मताचं काय केलं ते त्यांना परत येऊन सांगा, अशा नऊ अटी त्यात आहेत. धोक्याची अट आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची. नववीतल्या मुलीने भर सभेत, बाप आणि सरपंच समोर बसलेले असताना, ‘माझं लग्न ठरवलंय’ असं सांगावं ही अपेक्षा क्रूर आहे. तिला नाव न लिहिता चिठ्ठी टाकता आली पाहिजे, ती चिठ्ठी गावाबाहेरच्या माणसाने उघडली पाहिजे. शाळांमध्ये तक्रारपेट्या बसवलेल्या आहेतच. त्यांची किल्ली कोणाकडे असते, एवढं एक जरी तालुक्याने तपासलं तरी बरंच समजेल.

पैशाचं काय? तेही ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के आणि नगरपंचायतीने पाच टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. प्रत्यक्षात ‘महिला’ या शब्दापाशी बहुतेक रक्कम संपते: शिलाई मशीन, पिठाची गिरणी, प्रशिक्षणाची शिबिरं. बायकांना ती मिळू नयेत असं नाही. पण मुलांसाठी काय घेतलं, याचं उत्तर अनेक ठिकाणी अंगणवाडीला दिलेल्या खुर्च्यांवर थांबतं. वैरागसारख्या नगरपंचायतीचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास सभेपुढे येतं. त्याआधी, डिसेंबरात, गावातल्या शाळांमधल्या पाचवी ते दहावीच्या मुलांना एक कोरा कागद द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. एसटीची वेळ, शाळेतला संडास, वाटेवरचं दारूचं दुकान, जे असेल ते लिहू द्यावं. फडावरच्या कोप्यांवर लिहिता न येणाऱ्यांकडून तोंडी ऐकून घ्यावं. मग पाच टक्क्यांतली रक्कम कशावर लावली आणि कोणत्या गोष्टी आपल्या हातात नाहीत, हे मार्चमध्ये त्याच वर्गांत जाऊन सांगावं. एसटीचं वेळापत्रक नगरपंचायतीच्या हातात नाही. ते बार्शी आगाराला लिहावं लागेल, आणि त्या पत्राची प्रतही वर्गात वाचून दाखवता येईल.